पाच टनी कांदाचाळीचा पंखा : प्रकल्प नोंदी (एप्रिल ते नोव्हेंबर)

९ एप्रिल. येवला तालुका, पूर्व भाग

अर्धा एकर उन्हाळ कांदा म्हणजे साधारण पन्नास क्विंटल. एवढ्या मालाला २५ टनी दोनपाखी (दोन ओळींची) चाळ लागत नाही आणि परवडतही नाही. पूर्व येवला, नांदगाव, सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात अशा लहान चाळीच जास्त आहेत: बांबूच्या कामट्या, वर पत्रा, खाली दगडांवर उचललेला तळ. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा निघतो. तेवढ्यात वजनातली घट, सड आणि कोंब मिळून तीस-चाळीस टक्के माल जातो, हा हिशेब लासलगावच्या लिलावात उभा असलेला कोणीही सांगेल.

स्वस्त पंख्याने ही घट कमी होते का, हे पाहायचे आहे. चाचणीसाठी घेतलेली चाळ एकपाखी, दक्षिणोत्तर, ३६ फूट लांब, दोन जावांची. उत्तरेचे १८ फूट थोरलीचे (सगळे तिला मावशी म्हणतात), दक्षिणेचे १८ फूट धाकटीचे. वाण एकच, एन-२-४-१. विहीर एक, काढणीचा आठवडाही एक. पंखा फक्त मावशींच्या बाजूला, जावेची बाजू आहे तशीच. तुलनेला यापेक्षा चांगली जागा मिळणे अवघड.

मापे: रुंदी ४ फूट, भरणीची उंची साडेचार फूट, लांबी १८ फूट. नऊ घनमीटर. कांद्याचे ढीग-वजन घनमीटरला ५६० किलो धरले तर पाच टन. तळ जमिनीपासून २ फूट वर आहे, ही मोठी सोय. हवा इथूनच आत जाणार.

खर्चाची मर्यादा साडेचार हजार रुपये. वाचलेल्या तीन-चार क्विंटलमध्ये, पडत्या भावातही, पैसे सुटले पाहिजेत. या मर्यादेमुळे बऱ्याच गोष्टी पहिल्याच दिवशी बाद झाल्या.

१४ एप्रिल

पंख्याच्या आधीचे काम. हे चुकले तर पंखा लावून काही उपयोग नाही.

काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडले होते. निम्म्या पातीच्या माना पडल्यावर काढणी. कांदा शेतात चार दिवस, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरला, म्हणजे उन्हाने गर भाजत नाही. मग नाळ एक इंच ठेवून पात कापली. बोडखा कापलेला कांदा मानेतून सडतो. आता बारा दिवस सावलीत पातळ थर.

निवडीत काढायचे: जोड, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जाड मानेचे, फावड्याचा मार लागलेले. जाड मान बहुतेक वेळा उशिरा टाकलेल्या युरियाची असते. ती आतून सुकतच नाही आणि जुलैत तिथूनच पाणी सुटते. गोल्टी (बारीक कांदा) वेगळी ठेवायची. मोठ्या कांद्यांच्या फटींत गोल्टी बसली की हवेची वाट बुजते.

१९ एप्रिल. तळ, पंखा, हवेचा हिशेब

टनाला ताशी १०० घनमीटर हवा हे उद्दिष्ट. पाच टनांना ५०० घनमीटर. बारा इंची एक्झॉस्ट पंखा, ४५ वॉट, निफाडच्या दुकानातला. मोकळ्या हवेत तो याच्या दुपटीहून जास्त देतो, पण थोडा जरी अडथळा आला तरी त्याचा दम जातो. या जातीचा पंखा जेमतेम वीस-तीस पास्कल दाब पेलतो.

ढिगात भोके पाडलेले चार इंची पीव्हीसी पाइप खुपसून त्यांत पंख्याने हवा सोडायची, हा उपाय गावोगाव दिसतो. त्याचे गणित करून पाहिले. ताशी ५०० घनमीटर हवा एका चार इंची पाइपातून न्यायची तर वेग सेकंदाला १६ मीटर होतो. निव्वळ वेगापोटी सुमारे १५० पास्कल लागतात, घर्षण वेगळे. बारा इंची पंखा तिथे फक्त आवाज करतो. ब्लोअर लावला तर चालेल, पण त्याची किंमत आणि वीज दोन्ही वेगळ्या वर्गातल्या.

उलट कांद्याच्या ढिगातून हवा अगदी सहज जाते. तळाचे क्षेत्रफळ ६.७ चौरस मीटर, म्हणजे ढिगातून वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटर. या वेगाला कांदे जवळजवळ अडथळाच करत नाहीत. म्हणून पाइप रद्द. तळाखालची दोन फुटी पोकळी चारी बाजूंनी बंद करायची, उत्तरेच्या टोकाला पंखा बसवून हवा आत ढकलायची. ती कामट्यांतून वर जाईल.

झालेले काम: चाळीच्या दोन बाजूंच्या मध्ये तळाखाली विटांची आडभिंत. लांबीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री, खाली मातीत गाडलेली. पंख्याला प्लायची चौकट, वर पत्र्याचे छज्जे. कामट्यांतली फट एक इंच. काही ठिकाणी दोन इंच निघाली, तिथे जादा कामटी ठोकली, नाहीतर गोल्टी खाली गळते.

अगरबत्तीने गळती शोधली. मोठी गळती दगडी पाया आणि ताडपत्री यांच्या सांध्यात होती. शेण-मातीने लिंपल्यावर बंद झाली.

२६ आणि २७ एप्रिल. भरणी

एक पाटी इकडे, एक पाटी तिकडे, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच माल. प्रत्येकी ५० क्विंटल काट्यावर मोजून. कांदा गुडघ्याच्या उंचीपेक्षा वरून टाकू नये. भरणीत आपटलेला कांदा बाहेरून दिसत नाही, पण महिन्याभरात त्याच जागी मऊ पडतो.

दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोच्या दहा जाळीदार पिशव्या, भिंतीच्या कडेला तीन उंचींवर. त्यांच्यासमोरच्या कामट्या खिळ्याऐवजी सुतळीने बांधल्या, म्हणजे चाळ न फोडता पिशवी काढून वजन करता येते.

हवा सगळीकडे सारखी जाते का, याची तपासणी भरणीनंतरच करायची. रिकाम्या चाळीत केलेली तपासणी फसवी असते, कारण तेव्हा पंख्यासमोरूनच सगळी हवा वर येते. साधन घरचेच: एक चौरस फूट तोंडाची लाकडी चौकट आणि तिला चिकटवलेली पन्नास लिटरची पातळ प्लॅस्टिक पिशवी. ढिगावर चौकट ठेवायची, पिशवी चपटी करायची आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. हिशेबाने २६ सेकंद यायला हवेत. पंख्याजवळ २३, मध्यावर २६, दूरच्या टोकाला ३१. चालेल.

१२ मे

बाहेर दुपारी ४० अंश. पंखा बंद, ताडपत्र्या गुंडाळून वर. मे महिन्यात पंख्याने नुकसानच होते. रात्रीची २४ अंशांची, ४५ टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांच्या ढिगात शिरली की तिची सापेक्ष आर्द्रता तिशीच्या खाली जाते. कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरड्या हवेत तो सडत नाही, पण वजन उडून जाते, आणि लिलावात पैसे वजनाचेच मिळतात.

उन्हाळ्यातला खरा त्रास पत्र्याचा. तापलेल्या पत्र्याची धग वरच्या थरावर पडते. पत्र्याखाली वीतभर अंतरावरचा कांदा दुपारी ३९ अंश होता, ढिगाच्या मध्यातला ३३. दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर सहा इंच उसाचे पाचट, वर सुतळीची जाळी. तीन दिवसांनी तीच जागा, तीच वेळ: ३५. याला विजेचा खर्च नाही. हंगामभरात केलेल्या कामांत खर्चाच्या मानाने सर्वांत फायद्याचे हेच, आणि प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात ते नव्हते.

७ जून. पेटी क्रमांक १

पहिला पाऊस. ताडपत्र्या खाली सोडल्या, पंखा आपोआप चालू-बंद करणारी पेटी जोडली. आत अर्डुइनो नॅनो (छोटी नियंत्रक फळी), रिले (पंख्याचे विजेवर चालणारे बटण), मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर, आर्द्रता मोजणारे दोन डीएचटी २२ संवेदक: एक ढिगावर, एक बाहेर वळचणीला. नियम: आतली सापेक्ष आर्द्रता ७५ च्या वर आणि बाहेरची आतल्यापेक्षा कमी, तर पंखा चालू.

नियम कागदावर बरोबर वाटला होता.

२१ जून

दोन आठवड्यांच्या नोंदी पाहिल्या. पंखा दिवसा चालतो, रात्री जवळजवळ कधीच नाही. कारण सरळ आहे: पावसाळ्यात रात्री बाहेरची आर्द्रता ९५, आतली ७८, म्हणून पेटी म्हणते बाहेर ओल जास्त. पण सापेक्ष आर्द्रतेची तुलना दोन वेगळ्या तापमानांवर करताच येत नाही. हवेत प्रत्यक्ष पाणी किती, ते पाहायला हवे.

रात्री बाहेर २३ अंश, ९५ टक्के: घनमीटरला १९.६ ग्रॅम पाणी.
ढिगात २८ अंश, ७८ टक्के: २१.२ ग्रॅम.

म्हणजे चिंब वाटणारी रात्रीची हवा आतल्यापेक्षा कोरडी आहे. ती ढिगात जाऊन २८ अंशांना तापली की तिची आर्द्रता ७१ टक्क्यांवर येते. आणि दुपारची, अंगाला कोरडी लागणारी २९ अंश, ७५ टक्क्यांची हवा? २१.६ ग्रॅम. ती ओल वाढवते. पेटी नेमके उलटे काम करत होती.

३ जुलै

सकाळी साडेनऊला मावशींनी खालून कामट्यांतून हात घातला तर तळाचे कांदे ओले. “पंखा बंद करा आधी, बाहेरची ओल आत ओढतोय हा. कांद्याला घाम सुटलाय.” बंद केला.

कारण दुहेरी. एक, आतला डीएचटी २८ जूनपासून ९९.९ वर अडकला होता. या संवेदकावर एकदा पाणी धरले की तो अनेकदा असाच अडकतो, कधी वाळल्यावर सुटतो, कधी नाही. आत कायम ९९.९ दिसल्यामुळे पंखा पाच दिवस अखंड चालला. दोन, रात्रभराच्या थंड हवेने तळाचा थर २४ अंशांवर आला होता, वरचा अजून २७ वर. सकाळी ढग फाटले, बाहेर २७ अंश, ८८ टक्के, म्हणजे २२.७ ग्रॅम. चोवीस अंशांची हवा २१.८ ग्रॅमपेक्षा जास्त पाणी धरूच शकत नाही. उरलेले कांद्यावर बसले. थंड तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच.

मावशींचे म्हणणे अर्धे बरोबर होते: सकाळचा पंखा ओल आत आणतो, रात्रीचा बाहेर काढतो. एकच यंत्र, फक्त वेळ बदलली.

दुपारभर पंखा बंद, ताडपत्र्या वर. संध्याकाळी पृष्ठभाग कोरडा.

९ जुलै. पेटी क्रमांक २

आर्द्रतेचे संवेदक काढून टाकले. बाहेरची हवा ढिगापेक्षा थंड असेल तर ती कितीही दमट असली तरी ढिगात जाऊन कोरडीच होणार, दव पडणार नाही. म्हणजे फक्त तापमान मोजले तरी भागते. आणि तापमानाचा संवेदक पावसाळा काढतो.

तीन डीएस १८बी२०, पोलादी नळीतले. एक बाहेर, उत्तरेच्या वळचणीला, भिंतीपासून हातभर लांब. एक तळाच्या कामट्यांपासून सहा इंचांवर. एक तीन फुटांवर. तिन्ही एकाच तारेवर, ४.७ किलोओहमचा एक रोध. बसवण्याआधी तिन्ही एकाच तांब्यातल्या पाण्यात अर्धा तास ठेवून फरक लिहून घेतला. प्रत्येकाची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते, आणि इथे सगळा खेळ दोन-चार अंशांचा आहे.

नियम:

वरचा थर बाहेरच्यापेक्षा ४ अंश गरम असेल तर चालू.
हा फरक २ वर आला तर बंद.
बाहेरचे तापमान तळाच्या थरापेक्षा अर्ध्या अंशाने वर गेले तर लगेच बंद, बाकी काहीही असो. ३ जुलैसारखे दव पडू नये म्हणून हा नियम.
एकदा बंद झाला की दहा मिनिटे चालू नाही, म्हणजे रिले फडफडत नाही.

पेटीवर दोन दिवे: वर हिरवा, खाली लाल. हिरवा म्हणजे हवा चांगली, लाल म्हणजे पंखा मुद्दाम बंद ठेवला आहे. लाल-हिरवा न ओळखणाऱ्यालाही वर-खाली कळते. लाल दिवा “बिघाड” असा समजला जातो, म्हणून त्याखाली ऑइल पेंटने लिहिले: “थांबलाय, बिघडला नाही.”

मोबाइलवर संदेश पाठवण्याची कल्पना सोडली. फोन ज्याच्या खिशात असतो तो दिवसभर येवल्याला किंवा लासलगावला, आणि चाळीपाशी मावशी असतात. शिवाय संदेश आला तरी करायचे काय, तर चाळीपाशी जाऊन पाहायचे. मग दिवाच बरा.

१२ जुलै

पंखा भर दुपारी चालू. बाहेरच्या संवेदकाची तार वासराने ओढली होती. तार तुटली की हा संवेदक वाचणारा प्रोग्राम उणे १२७ अंश दाखवतो. पेटीने ते खरे मानले: बाहेर भलतीच थंडी, चालवा पंखा. वीज जाऊन आल्यावर पहिले मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचले तर ८५ असा आकडा येतो, तोही तसाच घातक. सुधारणा: ५ ते ५० अंशांच्या बाहेरचा कोणताही आकडा फेकायचा, सलग पाच वेळा आला तर पंखा बंद आणि दोन्ही दिवे लुकलुकते ठेवायचे. तार आता अर्धा इंची पाइपात, जमिनीपासून सहा फूट वर.

१६ जुलै

वीज ३१ तास नव्हती. ताडपत्र्या खाली होत्या, त्या वर करायला कोणी नव्हते, घरचे सगळे लग्नाला. वरचा थर २७.५ वरून २९ वर गेला. तापमानापेक्षा वाईट गोष्ट ही की ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब आणि कुबट वास. साध्या चाळीत निदान वारा तरी खेळतो. पंख्यासाठी तळ बंद केल्याने वीज नसताना ही चाळ साध्या चाळीपेक्षाही वाईट झाली. हा आराखड्याचाच दोष, वापरणाऱ्याचा नाही.

बॅटरीचा विचार केला. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तर ४५ वॉटचा पंखा तासभरही चालत नाही. ४० अँपिअर-तासाची पाच तास चालवेल, पण बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग. रद्द.

१९ जुलै. झडपा

ताडपत्री काढली. दोन्ही लांब बाजूंना अर्धा इंची जाळी ठोकली, आणि जाळीच्या आतून युरियाच्या रिकाम्या गोण्यांच्या पट्ट्या टांगल्या. पट्टी एक फूट रुंद, शेजारच्या पट्टीवर दोन इंच चढवलेली, फक्त वरच्या कडेला पकडलेली, खालून मोकळी आणि जमिनीपासून बोटभर वर.

पंखा चालू झाला की आतल्या दाबाने पट्ट्या जाळीला चिकटतात आणि तळ बंद होतो. पंखा थांबला की त्या सैल लोंबतात, बाहेरच्या वाऱ्याने आत झुलतात आणि चाळ पुन्हा साध्या चाळीसारखी वाऱ्यावर. कोणी हात लावायची गरज नाही.

पट्ट्या जाळीच्या बाहेरून लावल्या तर काम उलटे होते: पंखा त्यांना बाहेर ढकलून उघडतो. गोणीच्या खाली वजन म्हणून दगड किंवा बांबू बांधायचा मोह होतो, तोही टाळायचा. मंद वारा जड पट्टी हलवू शकत नाही. आणि आतली अस्तराची पातळ प्लॅस्टिक पिशवी आधी काढून टाकायची, ती जाळीला ओली चिकटून बसते.

पिशवीची चाचणी पुन्हा: २६, २८, ३४ सेकंद. ताडपत्रीपेक्षा गळती जास्त, तरी पुरेशी हवा. या एका बदलाचा खर्च जाळी, बांबू आणि खिळे मिळून ११०० रुपये. गोण्या घरच्याच.

२ ऑगस्ट. किरकोळ, पण सगळे थांबवणारे

पंख्याच्या पात्यांवर कांद्याच्या पाकोळ्यांची आणि धुळीची साय. हवा चौथ्या भागाने कमी झाली होती, पिशवीने लगेच दाखवली. दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसणे. पंख्यासमोरची मच्छरदाणी काढली, ती आठवड्यात बुजते.

पेटी चाळीच्या आत होती. तांब्याच्या उघड्या टोकांवर काळा थर चढला, कांद्यातल्या गंधकाच्या वाफांचा. रिलेचा संपर्क दोनदा चुकला. पेटी बाहेर, घराच्या भिंतीला हलवली. स्क्रूच्या जोडांऐवजी डाख आणि वर आकसणारी नळी.

उंदरांनी एक संवेदक कुरतडला. जाळी आल्यापासून पुन्हा नाही.

व्होल्टेज संध्याकाळी १६० पर्यंत उतरते. पंखा तेव्हा रेंगाळतो आणि तापतो. पेटी चार्जरवर चालते, तिला फरक पडत नाही. पंख्याच्या मोटारीला आतून उष्णता-तोड (तापल्यावर आपोआप वीज तोडणारा भाग) आहे की नाही, हे घेतानाच विचारायला हवे होते. नव्हती. बाहेरून ८० रुपयांची बसवली.

२० ऑगस्ट. पहिली फोड

भाव थोडा वर, म्हणून दोन्ही बाजूंनी दहा-दहा क्विंटल काढले. मावशींच्या बाजूला मधल्या आणि वरच्या थरात माल चांगला: पत्ती टिकलेली, रंग धरलेला. तळाच्या सहा इंचांत मात्र काजळी (काळी बुरशी) जास्त, जावेच्या तळापेक्षाही जास्त. तळाचा थर रात्रभरात बाहेरच्याइतकाच थंड होतो, मग त्याला मिळणारी हवा तापत नाही आणि पंचाण्णव टक्केच राहते. वरच्या थरांचा फायदा तळाच्या थराच्या जिवावर होत होता.

उपाय: पंखा सलग न चालवता अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. बंद काळात कांद्याची स्वतःची ऊब तळाला परत येते. पेटीत एकच ओळ वाढली.

दुसरी गोष्ट, सडलेल्या कांद्याचे पाणी तळाखाली टपकते आणि तिथेच पंख्याची हवा फिरते. वास, माश्या, ओल, सगळे परत ढिगात. खालची जमीन उताराची करून घेतली, वर चुन्याची भुकटी. चाळीखाली वाकून झाडता यावे म्हणून पूर्वेच्या जाळीचा चार फुटांचा भाग कडी-कोयंड्यावर.

पिशव्या (सुरुवात पाच किलो, प्रत्येक बाजूच्या पाचांची सरासरी, चांगला माल): पंखा ४.२५ किलो, साधी ३.९५.

८ सप्टेंबर. पेटीशिवायची आवृत्ती

पेटी बिघडली तर किंवा कोणाला नकोच असेल तर? दोन साधे काचेचे तापमापक, लाल अल्कोहोलचे. एक बाहेर दोरीला, एक अर्ध्या इंची पाइपातून ढिगात तीन फुटांवर. पाइपाचे तोंड चिंधीने बंद. रात्री नऊला दोन्ही पाहायचे, फरक चार असेल तर पंखा लावायचा, पहाटे उठल्यावर पहिले काम म्हणून बंद करायचा. सूर्य वर आल्यावर पंखा चालू राहता कामा नये, हा एक नियम पाळला तरी बहुतेक फायदा हाती येतो. आठवडाभर मावशींच्या सुनेने पेटी बंद ठेवून असे चालवले. पेटीच्या नोंदींशी ताडले तर सात रात्रींपैकी सहा सारख्या. सातव्या रात्री मध्यरात्रीनंतर गार झाले होते.

यापुढे सामान देताना आधी तापमापक आणि पंखा द्यायचा, पेटी दुसऱ्या वर्षी.

१८ ऑक्टोबर

रात्री १७-१८ अंश. आता पंखा धोक्याचा. कांदा २५ ते ३० अंशांत सुप्त राहतो, त्याखाली गार होत गेला की कोंब सुटतात. नियमात भर: वरचा थर २५ च्या खाली असेल तर पंखा नाही. प्रत्यक्षात पेटीच बंद केली आणि पट्ट्या गुंडाळून वर बांधल्या.

एकाने विचारले, लासलगावला किरणोत्सर्गाची सोय आहे, तिथे का नाही? भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून आहे, आणि गॅमा किरणांच्या कमी मात्रेने कोंब फुटणे थांबते हे खरे. पण कोंबच थांबतात, सड थांबत नाही. कांदा सुप्त आहे तोवर, काढणीनंतर लवकर न्यावा लागतो, आणि मग तो ठेवायला चांगली चाळ लागतेच. पाच टनवाल्याला ट्रॅक्टरच्या दोन फेऱ्या आणि दुहेरी हमाली.

४ नोव्हेंबर. शेवटची फोड

विकलेला माल: मावशींचा ३९.२ क्विंटल, जावेचा ३५.१. फरक चार क्विंटलचा. एक चाळ, एक हंगाम, आणि त्यातला महिनाभर पेटी चुकीची चाललेली, एवढेच यावरून म्हणता येते.

खर्च: पंखा १६५०. पेटी १०६० (अर्डुइनो ३५०, तीन संवेदक ३६०, रिले ८०, चार्जर १५०, डबा १२०). जाळी-बांबू ११००. तार, एमसीबी (जादा भाराला वीज तोडणारा स्विच), पाइप ६५०. एकूण ४४६०, वर उष्णता-तोडीचे ८०. वीज हंगामभरात चाळीस युनिटच्या आत. क्विंटलला १२०० भाव धरला तर पहिल्याच वर्षी जेमतेम सुटतो, २००० असेल तर आरामात. पेटी वगळली तर पडत्या भावातही हातात काही उरते.

पंखा उतरवला, पाती पुसली, बेअरिंगला दोन थेंब तेल, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. संवेदक पेटीसकट घरात.

जावेने पुढच्या वर्षासाठी मापे घ्यायला सांगितली. तिच्या बाजूचे दक्षिण टोक शेळ्यांच्या गोठ्याला लागून आहे. तिथे पंखा लावला तर गोठ्याची ओल आणि मुताचा वास थेट कांद्यात. पूर्वेच्या लांब बाजूला मध्यावर लावावा लागेल, आणि हवा समोरच्या झडपांवर न आदळता दोन्हीकडे वळावी म्हणून आत प्लायचे पाचर. पाचराचा कोन ठरवायला रिकाम्या तळाखाली अगरबत्ती पुरणार नाही, थोडा कांदा भरूनच पाहावे लागेल. तिची गोल्टी शिल्लक आहे, सहा-सात क्विंटल.